पाणी कुठलं, ते आधी बघा

तळघरातला पंप बंद पडला की घरमालक त्याचा निकाल फोनवरच लावून टाकतो. "ताई, मोटर जळाली, नवीनच घेऊन या." पोलादपुरात महाबळेश्वरच्या रस्त्याला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते सुरू केलं, त्यांच्याच हाताखाली मी मोटारी भरायला शिकले आणि आता दुकान मीच बघते. जून ते सप्टेंबर हे असले फोन थांबत नाहीत. प्रत्यक्ष जाऊन बघावं तर पुष्कळ मोटारी धडधाकट असतात. बिघाड कधी खड्ड्यात असतो, कधी पाइपात, कधी फ्लोटमध्ये आणि कित्येकदा तर घराच्या मागच्या डोंगरात. ते न बघता नवीन मोटर बसवली तर महिन्याभरात तीही माझ्याच टेबलावर येते. माणसांचे पैसे असे वाया गेलेले मला बघवत नाहीत, म्हणून हे सगळं नीट सांगायला बसले आहे.

आमच्या भागात तळघरं का झाली, ते आधी सांगते. पोलादपूर सोडलं की रस्ता रानबाजिरे, कापडे करत आंबेनळी घाट चढायला लागतो आणि प्रतापगडाच्या पायथ्याच्या वाडा कुंभरोशीवरून महाबळेश्वरला पोचतो. या वाटेवर सपाट जागा अशी नाहीच. घर किंवा हॉटेल बांधायचं तर डोंगर कापावा लागतो. मग एक मजला रस्त्याच्या पातळीला येतो आणि एक त्याच्या खाली जातो. खालच्या मजल्याची मागची भिंत थेट डोंगराला टेकलेली असते. आता वर बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैच्या मध्यापर्यंत हा डोंगर पिऊन पिऊन तट्ट भरतो आणि मग मिळेल त्या फटीतून पाणी सोडू लागतो. भिंतीच्या बुंध्याला ओल येते, फरशीच्या सांध्यातून पाणी वर येतं. हे पाझराचं पाणी पाऊस थांबल्यावरही दोन-चार दिवस येत राहतं.

खाली महाडला गोष्ट वेगळी. तिथे जमीन सपाट, सावित्री आणि गांधारीच्या काठची. बाजारपेठेतल्या इमारतींची गोदामं, लिफ्टचे खड्डे, पार्किंग, पाण्याच्या जमिनीखालच्या टाक्या. तिथल्या तळघरात पाझर येतो तसाच रस्त्यावरून वाहून आलेला पाऊसही उतरतो, आणि एखाद्या वर्षी नदीच येते. पाझर, वाहतं पाणी आणि नदी ही तीन पाणी वेगवेगळी आहेत. पंपाचं काम खरं म्हणजे पहिल्या पाण्यापुरतं. हे ओळखलं नाही तर कितीही महागडा पंप घेतला तरी उपयोग नाही. एक चौथंही पाणी असतं, पण ते ओळखणं सोपं: खड्ड्यात मार्च-एप्रिलमध्येही पाणी येत असेल तर ते फुटलेल्या नळाचं किंवा गळक्या टाकीचं. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर फिरतोय का ते बघायचं.

तळघराच्या सगळ्यात उताराच्या कोपऱ्यात एक खड्डा करतात. साधारण दोन फूट लांब-रुंद, अडीच फूट खोल. फरशीखाली मुरलेलं पाणी त्यात जमतं. खड्ड्यात पाण्यात बुडून चालणारा पंप, त्याला लोंबकळणारा एक फ्लोट, वर जाणारा पाइप आणि पाइपावर एनआरव्ही, म्हणजे पाणी वर जाऊ देणारा पण खाली परतू न देणारा व्हॉल्व्ह. पाणी चढलं की फ्लोट वर तरंगतो, आतला स्विच लागतो, पंप सुरू होतो. पाणी उतरलं की फ्लोट खाली लटकतो, पंप थांबतो. सगळं यंत्र एवढंच. न्यू जर्सीत किंवा शिकागोकडे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या घरांतही हेच असतं. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून पाया खोल घ्यावा लागतो, आणि खोल पाया घेतलाच तर तळघर काढतात. वीज १२० व्होल्टची, पंपाचा रंग वेगळा, पण बिघाड तेच आणि ते शोधायचा क्रमही तोच.

क्रमाआधी एक गोष्ट, आणि ती मी प्रत्येक घरात आवाज चढवून सांगते. तळघरात पाणी साचलेलं असताना मेन स्विच बंद केल्याशिवाय खाली पाय टाकायचा नाही. पंपाची केबल कुठे सोलली आहे, जोड कुठे पाण्यात गेला आहे, हे वरून दिसत नाही. मेन स्विच तळघरातच असेल तर महावितरणच्या माणसाला बोलावून खांबावरून वीज बंद करून घ्या. या पंपाच्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच, आणि अर्थिंग नुसतं दाखवायला नको, खरं हवं. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून त्याला बाजूला ठेवून थेट जोडणी केलेली मी बघितली आहे. तो पडतो कारण करंट पाण्यात जातोय. तो पडला म्हणूनच कुणीतरी वाचलं आहे.

आता घाटातली एक जागा सांगते. कापड्याच्या पुढे रस्त्याच्या खालच्या अंगाला एक छोटं गेस्ट हाऊस आहे. खाली भांडीकुंडी, गाद्या आणि धान्य ठेवायची खोली. मालक वयस्क, मी त्यांना काका म्हणते. त्यांचं म्हणणं असं, की मोटर चालते, आवाज येतो, पण पाणी फेकत नाही, थोड्या वेळाने गरम होऊन बंद पडते आणि वास येतो. म्हणजे जळालीच. नवीन मोटर घ्यायला ते पैसे काढून बसले होते.

मी आधी व्होल्टेज बघितलं. घाटात पावसाळ्यात ते कितीही खाली जातं, आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर जोर जेमतेम ६० टक्के उरतो. मोटर उचलत नाही, नुसती घुमते, तापते. इथे व्होल्टेज ठीक होतं. मग टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, लावला. हा चिमटा पंपाच्या फक्त एकाच तारेभोवती धरायचा, दोन्ही तारा एकत्र धरल्या तर काहीच दाखवत नाही. पंपाच्या प्लेटवर ६ अँपिअर लिहिलेलं, चिमटा साडेतीनच दाखवत होता.

या आकड्यात निम्मं निदान आहे. वाइंडिंग बिघडलेली किंवा अडकलेली मोटर जास्त करंट खाते. करंट कमी याचा अर्थ मोटरला काम मिळत नाहीये. म्हणजे पंख्यात पाणीच नाही, किंवा पंखा शाफ्टवरून सुटला आहे. आणि खड्डा तर काठोकाठ भरलेला. मग पाण्यात बुडालेल्या पंपाच्या पंख्यात पाणी का नाही? कारण आत हवा अडकली होती. वर एनआरव्ही बंद, त्याच्यावर पाइपातल्या पाण्याचं वजन, खाली पंपाच्या पोटात कोंडलेली हवा. पंखा त्या हवेत फिरत राहतो. हवेत फिरणाऱ्या पंख्याला तो व्हॉल्व्ह उघडण्याइतका दाब आणता येत नाही. यासाठी पंप आणि एनआरव्ही यांच्यामधल्या पाइपाला तीन मिलिमीटरचं एक भोक पाडलेलं असतं. पंप चालू असताना त्यातून बारीक चिळकांडी उडते. ती खड्ड्यातच पडली पाहिजे, एवढंच बघायचं. हवा जायची वाट तीच. काकांच्या पंपाला हे भोक होतं, पण पाइप गळतोय असं समजून कुणीतरी एम-सील लावून ते बुजवलं होतं. सुईने उकरून भोक मोकळं केलं, हवा फुसकन बाहेर आली, आणि पंप पाणी फेकायला लागला. चिमट्यावर ६ अँपिअर.

पण मग आत हवा आली कुठून? इथेच थांबलं असतं तर चार दिवसांत परत जावं लागलं असतं. पंप पाण्याखाली असेपर्यंत हवा शिरत नाही. तो खड्डा कोरडा होईपर्यंत ओढत राहिला तरच शिरते. म्हणजे फ्लोट त्याला थांबवत नव्हता. काठीने हलवून बघितलं तर फ्लोटची केबल पाइपाच्या क्लिपमध्ये अडकून तो वरच्या अंगालाच तरंगल्यासारखा राहिला होता. त्यामुळे पंपाला वाटे पाणी आहे, आणि तो कोरडा चालत राही. या पंपांना थंडावा मिळतो तो भोवतीच्या पाण्याचा. ते नसलं की मोटर तापते, आतला थर्मल स्विच तिला बंद करतो, गार झाली की पुन्हा सुरू. तो वास याचाच. थर्मल शाबूत होता म्हणून वाइंडिंग वाचलं. दोन फुटांच्या खड्ड्यात लांब केबलचा लोंबता फ्लोट असाच कुठेतरी अडकतो. अरुंद खड्ड्याला दांड्यावर वरखाली सरकणारा उभा फ्लोट घ्यावा. आम्ही तो बसवला, आणि पंपाखाली दोन विटा सारल्या, म्हणजे तळाचा गाळ पंख्यात जाणार नाही.

फ्लोटवर शंका आली तर तपासणी सोपी आहे. काठीने फ्लोट वर उचला. मोटर सुरू झाली तर फ्लोट आणि मोटर दोन्ही ठीक. नाही झाली, तर फ्लोट बाजूला ठेवून मोटर थेट जोडून बघायची, पण हे काम वायरमनचं. व्होल्टेज ठीक असून मोटर नुसती "हूं" करून फिरत नसेल तर बहुतेक वेळा दोनच कारणं: कंडेन्सर गेला, किंवा पंखा अडकला. वीज काढून पंप बाहेर घ्या, तळाची जाळी सोडवा, पंखा हाताने फिरवून बघा. मला त्यात सुतळी सापडली आहे, दुधाच्या पिशवीचे तुकडे, सुकलेलं गवत, फरशी पुसायचं फडकं. पंखा मोकळा फिरत असेल तर कंडेन्सर बदला. पंपाच्या स्टार्टर पेटीत असलेला हा छोटा डबा स्वस्त असतो, आणि तेवढ्यासाठी अख्खी मोटर भंगारात गेलेली मी पाहिली आहे. बदलताना त्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच घ्या, आणि हात लावण्याआधी त्यात साठलेली वीज दिव्यातून उतरवा. वीज बंद केली तरी कंडेन्सर झटका देतो.

एनआरव्ही बिघडला तर लक्षण उलटं. पंप थांबतो, क्षणात पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. दोन इंची पाइपाच्या दर मीटरमध्ये दोन लिटर पाणी मावतं. पाच मीटर उंच पाइप असेल तर प्रत्येक वेळी दहा लिटर पाणी परत खड्ड्यात पडतं आणि पंप तेच तेच पाणी वर चढवतो. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे दिवसभर असा खेळ चालला की वाइंडिंग भाजतं. पंप थांबल्यावर पाइपाला कान लावा. पाणी खाली उतरल्याची खळखळ ऐकू आली तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी खडा किंवा कचरा अडकला आहे.

काकांकडे आणखी एक गोष्ट होती. पंपाचं तोंड दोन इंची, आणि वर एनआरव्हीनंतर जोडलेला पाइप बागेला पाणी घालायचा एक इंची. तोंड निम्मं म्हणजे वाट चौथाई. पाइप बदलल्यावर आम्ही मोजमाप केलं, आणि हे मोजमाप कुणीही घरी करू शकतो. पंप बंद ठेवून खड्ड्यात पट्टी उभी केली. दोन फूट बाय दोन फूट खड्ड्यात पाणी एक सेंटिमीटर चढलं की साडेतीन लिटरच्या आसपास पाणी आलं. पाच मिनिटांत दहा सेंटिमीटर चढलं, म्हणजे मिनिटाला सात लिटर. मग पाइपाच्या बाहेरच्या तोंडाशी वीस लिटरची बादली धरली, ती पंचवीस सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला ४८ लिटर. येणाऱ्या पाण्याच्या जवळजवळ सातपट बाहेर जातंय. पंप मोठा घ्यायचं काही कारण नव्हतं, आणि मी तसं काकांना सांगितलं. दुकानदार म्हणून मी मोठा पंप विकू शकले असते, पण खड्ड्याला गरज नसलेला मोठा पंप क्षणात खड्डा कोरडा करून सारखा चालू-बंद होतो आणि लवकर मरतो.

खरा प्रश्न मात्र अजून तसाच होता. मिनिटाला सात लिटर पाणी येतंच का? आम्ही मागच्या बाजूला गेलो. आमच्याकडे पूर्वी मृगाच्या आधी घरामागचा चर साफ करायची पद्धत होती. डोंगराचं पाणी भिंतीला न लागता बाजूने निघून जावं म्हणून. या गेस्ट हाऊसच्या मागे चर बांधलेला होता, पण पालापाचोळ्याने आणि घसरलेल्या मातीने भरून सपाट झाला होता. त्यात भर म्हणून छपराच्या पन्हळीचं पाणी तिथेच सोडलेलं. १०० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर होतात. ते सगळं भिंतीच्या मुळाशी ओतायचं आणि मग खालून विजेवर उपसत बसायचं! शिवाय पंपाचं पाणीही वरच्याच अंगाला सोडलेलं. तेच पाणी फिरून येतंय का हे बघायचं असेल तर पाइपाच्या तोंडाशी कपड्यांची नीळ मिसळून बघा. खड्ड्यातल्या पाण्यावर निळसर झाक आली तर उत्तर मिळालं.

दोन गडी लावून चर मोकळा केला, तळाला खडी आणि भोकांचा पाइप घातला, आणि तो पाइप उतारावर पुढे नेऊन रस्त्याच्या मोरीपाशी सोडला. पन्हळीचं आणि पंपाचं पाणीही तिकडेच वळवलं. नंतरच्या झडीत पट्टी लावून बघितली तर तेच दहा सेंटिमीटर चढायला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागला. घाटात राहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्याकडे उतार आहे, आणि उताराला वीज लागत नाही. पाणी भिंतीपर्यंत येण्याआधी वळवता येत असेल तर आधी तिथे पैसे घाला. पंप राहू द्या, पण जादा म्हणून.

महाडकरांच्या नशिबात हा उतार नाही. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरातून निघते आणि पोलादपूरवरून थोड्याच अंतरात महाडच्या सपाटीला उतरते. खाली बाणकोटच्या खाडीतून भरती चढत असली की पाण्याला पुढे जायला वाव राहत नाही. २०२१ च्या जुलैत आम्ही हे सगळं एकदम बघितलं. २२ जुलैला महाड पाण्याखाली गेलं, बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला टेकलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटला. जी माणसं गेली त्यांच्यापुढे मोटारींचं काय मोठंसं, पण पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेलं शहर उपसायला मोटारीच लागणार होत्या, आणि त्या सगळ्या बुडालेल्या होत्या. माझ्या दुकानासमोर त्यांची रांग लागली होती.

त्या दिवसांत जे हाताखालून गेलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. बुडालेली मोटर म्हणजे जळालेली मोटर नव्हे. ती जळते ती ओली असताना "चालते का बघू" म्हणून स्विच दाबल्यावर. पुराच्या पाण्यातून काढलेली कुठलीही मोटर, मग ती पंपाची असो, फ्रीजची किंवा पिठाच्या चक्कीची, आधी वीज न लावता उघडायची. स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन काढायचा, कारण सुकलेला गाळ पुन्हा ओल ओढतो. मग उन्हात, आणि ऊन नसेल तर मोठ्या दिव्यांच्या मंद उष्णतेत वाळवायची. बेअरिंग काढून नवीन घालायचं, त्यात गेलेली रेती कधीच पूर्ण निघत नाही. ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधला रोध मोजत राहायचं. यात एक गंमत आहे जी नवशिक्याला घाबरवते: मोटर तापायला लागली की मेगरचा आकडा आधी खाली जातो. ओल आतून सुटायला लागलेली असते. धीर धरला की तो पुन्हा चढू लागतो. एक मेगओहमच्या वर जाऊन तिथे टिकला, की वार्निश द्यायचं. तोवर वीज नाही. अशा कितीतरी मोटारी न भरताच उभ्या राहिल्या.

ज्या खरंच जळतात, त्यांच्या वाइंडिंगवर कारण दिसतं. सगळं वाइंडिंग सारखंच काळं पडलेलं असेल तर मोटर कमी व्होल्टेजवर, कोरडी किंवा अडकलेली चालली. फक्त स्टार्टिंगच्या कॉइली काळ्या असतील तर कंडेन्सर बिघडलेला होता. एकाच ठिकाणी ठिणगीचा डाग आणि बाकी तांबं चकचकीत असेल तर सील फुटून पाणी आत शिरलं. सीलचं आधीही कळतं. बऱ्याच पंपांत दोन सीलच्या मध्ये तेल भरलेलं असतं. त्याचा स्क्रू काढून तेल बघा. ते दुधासारखं पांढरट झालं असेल तर खालचं सील गेलं आहे, आणि मोटरपर्यंत पाणी पोचायच्या आत तुम्हाला थोडा वेळ मिळाला आहे. मोटर भरून घ्यायला द्याल तेव्हा ती जुनी कॉइल बघायला मागा, आणि का जळाली हे विचारा. हे सांगू न शकणाऱ्याकडे मोटर देऊ नका.

पुरानंतर तळघर उपसायची घाई मात्र करू नका. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते आणि ती भिंतीला आत ढकलत असते. एक मीटर उंच पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे अर्धा टन जोर लावतं, दोन मीटर असेल तर दोन टन. तळघरात पाणी असतं तोवर ते आतून भिंतीला टेकू देतं. आतलं पाणी एका दिवसात काढून टाकलं तर हा टेकू जातो, आणि भिंत फुगते किंवा फरशी वर उचलली जाते. म्हणून रोज एक तृतीयांशच्या आसपास काढावं, भिंतीवर खूण करून रात्रभर बघावं. पाणी परत खुणेच्या वर आलं तर थांबावं.

आणि नदी आत येत असताना पंप चालवत बसू नये. हे सांगताना मला २७ जुलै २०२४ ची दिल्ली आठवते. जुन्या राजिंदर नगरात क्लासच्या तळघरातल्या अभ्यासिकेत रस्त्यावरचं पाणी घुसलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीन मुलं बुडाली. रस्त्यावरून किंवा नदीतून येणाऱ्या पाण्याला कुठलाच घरगुती पंप पुरा पडत नाही. मुंबईत हाजी अली, इर्ला इथे महापालिकेने जे पंप बसवले आहेत त्यांतला एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी फेकतो. आपला एक अश्वशक्तीचा पंप सेकंदाला एखादाच लिटर. महाडमध्ये पुराचा भोंगा वाजला, पाणी चढतंय असं कळलं, की मेन बंद करा, पंप खड्ड्यातून काढून वरच्या मजल्यावर न्या आणि माणसांनी तळघर सोडा. वर नेलेला पंप पूर ओसरल्यावर लगेच कामाला येतो.

विजेचाही विचार हवा. जोराचा पाऊस आणि वीज जाणं आमच्याकडे एकत्रच येतं. इन्व्हर्टरवर पंप चालवायचा असेल तर हिशोब करून घ्या. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप ५०० ते ६०० वॉट घेतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी तो सलग चालवला तर दोन तासही पुरत नाही. पाझराच्या पाण्याला ती पुरते, कारण पंप मधूनमधूनच चालतो. म्हणजे पुन्हा तेच, की पाझर किती आहे हे तुम्ही आधी मोजलेलं पाहिजे.

हे सगळं करायला मे महिन्याचा शेवटचा आठवडा चांगला. ऑक्टोबरपासून खड्डा कोरडा असतो, सील वाळून चिकटतं, पंखा गंजाने धरतो, फ्लोटवर कोळी जाळं करतो, उंदीर केबल कुरतडतो. मेमध्ये गाळ काढा, पंखा हाताने फिरवा, मग चार-पाच बादल्या पाणी खड्ड्यात ओता आणि तिथेच उभे राहा. फ्लोटने पंप आपण होऊन सुरू केला का, भोकातून चिळकांडी उडाली का, पाणी मोरीपर्यंत पोचलं का, पंप आपण होऊन थांबला का, आणि थांबल्यावर पाइपातून खळखळ आली का, एवढं बघा. बिघाड निघालाच तर तेव्हा माझ्याकडे वेळ असतो, बाजारात सुटे भाग असतात आणि घाट उघडा असतो.